एका गिटारच्या दोन वायरी

आज टेबलावर ही बेस गिटार ठेवली आहे. वाजवून दाखवणार आहे, पण शेवटी. आधी तिच्या कडेला बघा. मागच्यांना दिसणार नाही म्हणून सांगतो : इथे वायर खोचायला दोन जागा आहेत. एका वाद्याला दोन जॅक. मघाशी चहा पिताना एकाने विचारलं, "सर, एक स्पेअर आहे का?" (हशा) नाही, स्पेअर नाही. आजचं सगळं व्याख्यान त्या दुसऱ्या भोकाबद्दल आहे.

थोडक्यात गोष्ट अशी. बेस गिटारवर बहुतेक वेळा दोन पिकअप असतात. दोघांचे आवाज एकत्र करून एका वायरीतून एका अॅम्पमध्ये पाठवायचे, ही सरळ वाट. काही लोकांनी ती सोडली. त्यांनी एका पिकअपचा आवाज एका अॅम्पला दिला आणि दुसऱ्याचा दुसऱ्या अॅम्पला, मध्ये वेगळे इफेक्ट लावून. हे का केलं, कुणी केलं, आणि मूळ सोय कशासाठी होती हे बघू. ती सोय भलत्याच कामासाठी होती, आणि मला इतिहास म्हणून त्यातलं हेच जास्त आवडतं.

पिकअप म्हणजे काय ते पटकन सांगतो. लोहचुंबक आणि त्याच्याभोवती बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी. वर पोलादी तार थरथरली की गुंडाळीत वीज निर्माण होते, तारेसारखीच हेलकावे खाणारी. आता महत्त्वाचं : पिकअप कुठे बसवलाय यावर आवाज ठरतो. तंबोरा किंवा सतार जवळून पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. घोडीजवळ तार छेडली तर आवाज टणक, धातूसारखा येतो. मध्याकडे छेडली तर गोल, भरलेला. पिकअपचंही तसंच. तारेचा मूळ स्वर मध्याकडे मोठा झोका घेतो, घोडीजवळ त्याला हलायला जागाच नसते. म्हणून दांडीजवळचा पिकअप खर्ज जास्त पकडतो, आणि घोडीजवळच्या पिकअपमध्ये उपस्वरांचं प्रमाण जास्त असतं. तार एक, बोट एक, पण दोन ठिकाणी बसलेले दोन साक्षीदार दोन वेगळ्या जबान्या देतात.

तबल्याचा डग्गा आणि दायाँ डोळ्यांसमोर आणा. पखवाजात एकाच खोडाला दोन तोंडं असतात, तबल्यात ती वेगळी झाली. वेगळी झाल्यावर प्रत्येकाची शाई, प्रत्येकाचं सुरात लावणं स्वतंत्र करता आलं. तुलना फार ताणायची नाही. तबल्यात वाजवणारे हातही दोन आहेत, इथे तसं नाही.

आता १९५० च्या दशकात जाऊ. फेंडरची प्रिसिजन बेस १९५१ ची. एक पिकअप, एक जॅक. त्याआधीही विजेवर चालणारे बेस झाले होते. सिअॅटलच्या पॉल टटमार्कने १९३० च्या दशकातच एक आडवा धरायचा बेस बनवला होता. पण बाजारात टिकला तो फेंडरचा. त्याचं काम साधं होतं. उभा, माणसाएवढा डबल बेस टॅक्सीत मावत नाही, बँडच्या गोंगाटात ऐकू येत नाही, त्याला पर्याय हवा होता. म्हणजे बेस गिटारचा जन्मच मुळी 'ऐकू येत नाही' या तक्रारीतून झाला. आणि गंमत अशी, की पुढची पंधराएक वर्षं तो तसा नीटसा ऐकू आलाच नाही. छोट्या ट्रान्झिस्टर रेडिओच्या स्पीकरला ४१ हर्ट्झचा स्वर काय झेपणार? बेसच्या सगळ्यात जाड तारेचा स्वर तेवढा असतो. ट्रान्झिस्टरवर त्याची नुसती सावली यायची.

१९५७-५८ च्या सुमारास अमेरिकेत स्टिरिओ रेकॉर्ड दुकानात आल्या. घराघरांत दोन स्पीकर, मध्ये सोफा, आणि पाहुण्यांना ऐकवायला रेल्वेगाडी डावीकडून उजवीकडे जाते अशी रेकॉर्ड. गिटार कंपन्यांना वाटलं, आपण मागे का राहायचं? ग्रेचने १९५८ मध्ये 'प्रोजेक्ट-ओ-सॉनिक' काढलं. त्यात खालच्या तीन तारांचा आवाज एका अॅम्पला आणि वरच्या तीन तारांचा दुसऱ्याला जायचा. गिब्सनने १९५९ मध्ये ईएस-३४५ ही स्टिरिओ गिटार आणली. कॅलिफोर्नियाच्या रिकेनबॅकरने १९६० च्या सुमारास आपली पद्धत काढली, नाव 'रिक-ओ-साउंड'. त्या काळी सगळ्याच्या मागे 'ओ' लावायची साथ होती. (हशा) यात तारांची वाटणी नव्हती, पिकअपची होती. एका जॅकमधून तीन पदरी वायर निघायची, पुढे तिचे दोन फाटे. दांडीकडचा पिकअप एका अॅम्पला, घोडीकडचा दुसऱ्याला.

हेतू लक्षात घ्या. हेतू होता आवाज खोलीभर पसरवण्याचा. दिवाणखान्यातल्या हाय-फायसारखा, छान, सभ्य. आवाज खराब करायचा विचार यात कुणाच्याही डोक्यात नव्हता. आणि खरं सांगायचं तर ही सोय फारशी कुणी वापरलीही नाही. दोन अॅम्प कोण वाहून नेणार? माझ्या मते, पुढे जे झालं ते झालं नसतं तर रिक-ओ-साउंड आज जुन्या कॅटलॉगमधली एक गमतीची ओळ म्हणून राहिलं असतं.

दुसरा धागा याच सुमारास नॅशव्हिलमध्ये सुरू होतो. मार्टी रॉबिन्सचं 'डोंट वरी' हे गाणं १९६१ मध्ये गाजलं. त्यात मध्येच ग्रेडी मार्टिनचा एक तुकडा येतो, आणि तो फाटका, भुणभुणणारा आवाज आहे. झालं असं होतं, की रेकॉर्डिंग टेबलाचं एक चॅनल बिघडलं होतं. तो आवाज ठेवून दिला. पुढे तिथला इंजिनियर ग्लेन स्नॉडी याने तो बिघाड मुद्दाम करणारी डबी तयार केली आणि १९६२ मध्ये गिब्सनने ती 'मायस्ट्रो फझ-टोन' म्हणून विकायला काढली. जगातला पहिला गाजलेला फझ. तो कोणत्या वाद्यावर वाजला होता? सहा तारांच्या बेसवर! फझची नाळ बेसशीच जोडलेली आहे, हे गिटारवाले मित्र सहसा विसरतात.

मग बेसवाल्यांनी लगेच फझ का घेतला नाही? काहींनी घेतला, आणि पस्तावले. कारण समजून घ्या, पुढचा सगळा खटाटोप यावर उभा आहे. फझ किंवा फाटका अॅम्प म्हणजे काय, तर आवाजाच्या लाटेचा माथा कापून टाकणं. बेसच्या आवाजात खर्जाची लाट प्रचंड मोठी असते आणि तिच्या पाठीवर उपस्वरांच्या बारीक लाटा बसलेल्या असतात. माथा कापला की त्या बारीक लाटाच आधी चिरडतात. उरते ती गुरगुर. शिवाय सगळं एकाच जोराचं होतं, बोटाचा आघात जातो. त्यात गिटारचे पेडल आणि गिटारचे स्पीकर मुळात खर्जासाठी बनवलेले नाहीत, ते तळ पातळ करून टाकतात. म्हणजे तुम्ही पुढे येण्यासाठी फझ लावता, आणि बँडखालची जमीनच गायब होते. ड्रमर वळून बघतो. ज्यांनी बेस वाजवलाय त्यांना तो ड्रमरचा चेहरा माहीत आहे.

बीटल्सनी यावर स्टुडिओतला तोडगा काढला. १९६५ च्या 'रबर सोल' मधलं 'थिंक फॉर युवरसेल्फ' ऐका. त्यात बेस दोन आहेत. एक नेहमीचा, स्वच्छ, आणि त्यावर पॉल मॅकार्टनीनेच वेगळा वाजवलेला फझ बेस. जमीनही राहिली आणि धारही आली. पण हे टेपवरचं काम. मंचावर एक माणूस एका वेळी दोन बेस कसे वाजवणार?

इथे आपला मुख्य माणूस येतो. ख्रिस स्क्वायर, जन्म १९४८, लंडन. लहानपणी चर्चच्या गायकवृंदात गाणारा मुलगा. मला वाटतं त्याच्या बेसमध्ये आयुष्यभर ते ऐकू येतं. तो साथ करत नाही, तो दुसरा आवाज गातो. १९६० च्या दशकाच्या मध्यावर तो लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर बूझी अँड हॉक्स या वाद्यांच्या दुकानात नोकरीला होता. तिथे नोकरांना सवलत मिळायची. त्या सवलतीत त्याने रिकेनबॅकरची बेस घेतली. मॉडेल आरएम १९९९, म्हणजे ४००१ एस या मॉडेलची ब्रिटनला येणारी आवृत्ती. हीच एक गिटार तो पुढे पन्नास वर्षं वाजवत राहिला.

आता गंमत बघा. या आवृत्तीत रिक-ओ-साउंड नव्हतंच. ते महागड्या मॉडेलवर असायचं. स्क्वायरच्या गिटारला एकच साधा जॅक होता. त्याने आतल्या वायरी बदलून घेतल्या आणि ती स्टिरिओ करून घेतली. म्हणजे जी सोय कंपनीने देऊ केली होती आणि लोकांना नको होती, ती याला हवी होती आणि याच्याच गिटारला नव्हती.

आणि ती त्याने दिवाणखान्यासाठी वापरली नाही. खर्जाची बाजू बेसच्या अॅम्पला, स्वच्छ. टिपेची बाजू वेगळ्या गिटार अॅम्पला, आणि तो अॅम्प फाटेपर्यंत चढवलेला. खर्ज फाटायच्या वाटेवर जातच नाही, त्यामुळे तळ शाबूत. आणि वरच्या वाटेवर ती मोठी लाट कमी असल्यामुळे उपस्वर चिरडत नाहीत, करकरीत फाटतात. दोन्ही हवेत एकत्र येतात, आणि ऐकणाऱ्याला एकच वाद्य ऐकू येतं, जाड आणि धारदार.

तो प्लेक्ट्रमने, म्हणजे नखीने, वाजवायचा हेही यात आलं. आणि तारा. १९६० च्या मध्यापर्यंत बेसच्या तारा बहुतेक सपाट वेटोळ्यांच्या, गुळगुळीत असायच्या. 'द हू'च्या जॉन एंटविसलने रोटोसाउंडच्या जेम्स हाऊबरोबर बसून गोल वेटोळ्यांच्या, पियानोसारख्या झणझणीत तारा करून घेतल्या. वेगळं काढायला मुळात उपस्वर हवेत ना! त्या तारांशिवाय घोडीकडच्या पिकअपला सांगण्यासारखं फार काही नव्हतं. एंटविसलनेही खर्जाला वेगळे आणि टिपेला वेगळे अॅम्प वापरले. 'पहिला कोण' या भांडणात मी पडणार नाही. हे साठीच्या अखेरीस लंडनच्या हवेतच होतं.

'येस' हा बँड १९६८ चा. त्यांची 'फ्रॅजाइल' ही रेकॉर्ड १९७१ च्या नोव्हेंबरमध्ये आली. तिच्यातलं 'राउंडअबाउट' घरी जाऊन ऐका, पण गाण्याकडे लक्ष देऊ नका, तळाकडे द्या. इंजिनियर एडी ऑफर्ड. बेस तिथे गाण्याखाली नाही, गाण्याच्या मधोमध चालतो, आणि तरी खाली जमीन आहे. त्याच रेकॉर्डवर 'द फिश' नावाचा तुकडा आहे, स्क्वायरच्या बेसचेच थर एकमेकांवर चढवून केलेला.

याचा परिणाम कुणावर झाला? टोरांटोच्या एका मुलावर. 'रश'चा गेडी ली. त्याने सत्तरच्या दशकात रिकेनबॅकर ४००१ घेतली, रिक-ओ-साउंडसकट, आणि दोन बाजू दोन अॅम्पना दिल्या. रश तिघांचा बँड. तिघांत गिटारवाला सोलोला गेला की मागे पोकळी पडते. गेडी लीला ती पोकळी भरायची होती, वर गायचंही होतं, पुढे पायाने सिंथेसायझरचे पेडलही दाबायचे होते. गरज मोठी असली की माणूस दोन अॅम्प वाहतो.

इथे जरा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर जाऊ, कारण तिथे याच कल्पनेचा अगदी उलट वापर झाला. 'ग्रेटफुल डेड'चा बेसवादक फिल लेश. हा रॉकमधून आलेला माणूस नव्हे. ट्रंपेट वाजवायचा, आणि मिल्स कॉलेजात लुचियानो बेरिओकडे रचना शिकला होता. त्यांच्या भोवती 'अलेम्बिक' ही मंडळी जमली होती, रॉन विकरशॅम, रिक टर्नर आणि ध्वनीचं वेड असलेला ऑउझली स्टॅन्ली. त्यांनी १९७४ मध्ये 'वॉल ऑफ साउंड' उभी केली. शब्दशः भिंत. बँडच्या मागे सुमारे सहाशे स्पीकर, वजन ७५ टनांच्या घरात. लेशच्या बेसवर असा पिकअप होता, की चार तारांचे चार आवाज वेगळे निघायचे आणि प्रत्येक तारेला स्वतःचे स्पीकर मिळायचे. ग्रेचवाल्यांनी तारांची दोनात वाटणी केली होती, इथे चारांत झाली.

पण हेतू? स्वच्छता. दोन स्वर एकाच स्पीकरमधून गेले की एकमेकांना गढूळ करतात, म्हणून प्रत्येकाला वेगळा. स्क्वायरने पिकअप वेगळे केले ते अर्धा आवाज घाण करता यावा म्हणून, आणि डेडने तारा वेगळ्या केल्या ते काहीच घाण होऊ नये म्हणून. एकच कात्री, एकाने झबलं शिवलं आणि दुसऱ्याने गोधडी. त्या भिंतीचं पुढे काय झालं, हे तुम्ही ओळखलंच असेल. मंच उभारायला लागणारी माणसं, ट्रक, खर्च. मार्च १९७४ मध्ये सुरू झालेली भिंत ऑक्टोबरमध्ये उतरवली.

तिसरा माणूस बफेलोचा. न्यूयॉर्क राज्याच्या त्या टोकाचं, कडाक्याच्या बर्फाचं गाव. बिली शीहन. 'टॅलस' नावाच्या तिघांच्या बँडमध्ये बारमध्ये वाजवायचा. पुन्हा तिघं, हे लक्षात घ्या. त्याच्याकडे फेंडरची प्रिसिजन बेस, एकाच जागी पिकअप असलेली. त्याला त्याखाली आणखी खोल खर्ज हवा होता. त्याने दांडीच्या अगदी टोकाशी लाकूड कोरून गिब्सन ईबी-० बेसचा जाडजूड पिकअप बसवला. आणि दोन्ही एकत्र केले नाहीत, दोन जॅक ठेवले. खर्ज एका अॅम्पला, स्वच्छ. फेंडरचा मूळ पिकअप दुसऱ्याला, फाटका. त्या गिटारचं नाव त्याने ठेवलं 'द वाइफ'. (हशा) १९८६ मध्ये डेव्हिड ली रॉथच्या रेकॉर्डवर स्टीव्ह व्हायसारख्या गिटारवाल्याच्या खांद्याला खांदा लावून त्याचा बेस ऐकू येतो. पुढे यामाहाने त्याच्यासाठी 'अॅटिट्यूड' ही बेस काढली, आणि तिला कारखान्यातूनच दोन जॅक. कोरलेल्या भोकाचं कॅटलॉगमधलं मॉडेल झालं.

माझ्या टेबलावरची ही गिटार यामाहा नव्हे. हिचं दुसरं भोक मी स्वतः पाडलंय, आणि कडेला लाकूड टवकलंय तेही मीच. ते दिसतंय म्हणून कबूल केलं.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. इतिहासात ती कुठे बसते माहीत नाही, पण न सांगता मी तुम्हाला घरी पाठवणार नाही. पंचविशीत असताना एका सभागृहात मी असेच दोन अॅम्प लावले. एक मंचावरच्या प्लगला, दुसरा विंगेतल्या एक्स्टेंशनला. दोन्हींत घरघर यायला लागली. कारण साधं होतं. दोन अॅम्प एकाच गिटारला जोडले की अर्थिंगचं एक वेटोळं तयार होतं, आणि त्यात आपली ५० हर्ट्झची वीज गुणगुणत बसते. तिथल्या एकाने सल्ला दिला, एका प्लगची अर्थची पिन काढून टाक. काढली. घरघर थांबली. सगळे खूश. मग मी गिटार हातात धरून माइकपाशी तोंड नेलं. ओठाला जो झटका बसला तो अजून आठवतो, मागे उडालो आणि ड्रमवर पडलो. मी वाचलो. लेस हार्वी वाचला नाही. 'स्टोन द क्रोज' बँडचा गिटारवादक, ३ मे १९७२, वेल्समधलं स्वान्सी. हातात गिटार, समोर नीट अर्थ न झालेला माइक. मंचावर, लोकांसमोर गेला.

म्हणून दोन अॅम्प लावणाऱ्याने दोन्ही एकाच प्लगबोर्डावर लावायचे, आणि अर्थ कधीही काढायची नाही. घरघर आली तर मध्ये ट्रान्सफॉर्मरवाली आयसोलेशनची डबी बसवायची. त्या डबीने आवाजाच्या वायरीतला अर्थ तुटतो, जिवाचा तुटत नाही.

(श्रोत्यांमधून प्रश्न : आता तर एकाच पेडलमध्ये हे सगळं मिळतं. मग दोन जॅक कशाला?)

चांगला प्रश्न आहे, आणि बरोबर आहे. आज फिनलंडच्या डार्कग्लाससारख्या कंपन्यांचे पेडल मिळतात, जे आतल्या आत खर्ज वेगळा काढतात, स्वच्छ ठेवतात, वरचा भाग फाडतात आणि परत जोडून देतात. इंग्लंडच्या ब्रायटनमधल्या 'रॉयल ब्लड'ने तर गिटारवाला ठेवलाच नाही. बेस आणि ड्रम, दोघंच. माइक केर बेसचा आवाज वाटून गिटारच्या अॅम्पना आणि बेसच्या अॅम्पला देतो. २०१४ मध्ये त्यांची पहिली रेकॉर्ड ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. पण फरक समजून घ्या. तिथे एकाच आवाजाच्या दोन प्रती होतात आणि मग चाळणीने खर्ज-टीप वेगळं होतं. इथे मुळातच दोन वेगळे आवाज आहेत, तारेच्या दोन जागांवरून आलेले. घोडीकडच्या पिकअपचा सूर चाळणी लावून तयार होत नाही. मला कानाने तो फरक कळतो. सभागृहात शेवटच्या रांगेत कळेल का? बहुधा नाही. (हशा)

(प्रश्न : मी घरी करून बघितलं, पण दोन्ही अॅम्प लावले की आवाज उलट बारीक होतो.)

हो, होणारच. मघाशी सांगायचं राहिलं. काही पेडल आवाजाची लाट उलटी करून बाहेर देतात. वरची खाली, खालची वर. नुसतं ऐकलं तर कळत नाही. पण दुसऱ्या अॅम्पमधून सरळ लाट येत असेल तर दोन्ही भेटल्यावर एकमेकींना खातात, आणि सगळ्यात आधी खर्जच खाल्ला जातो. उपाय एकच : दोन्हींपैकी एका वाटेवर लाट परत उलटी करायची. काही अॅम्पवर, डबीवर त्यासाठी बटण असतं. नसेल तर पिकअपच्या दोन वायरींची अदलाबदल करा, पण त्यातली एक वायर पिकअपच्या पत्र्याला जोडलेली नाही ना, हे आधी बघा.

या, पुढे या. दोन्ही अॅम्प एकाच बोर्डावर आहेत, मी तपासलंय. आधी नुसता डावा ऐकवतो, मग नुसता उजवा, आणि मग दोन्ही.